चौथीनंतरची वाट

1985 सालच्या मे महिन्यात, मी चौथी पास होऊन घरी होते तेव्हा, आजीला फोंडा तालुक्यातल्या एका कचेरीत सही करायला बोलावणे आले. निरोप घेऊन आलेल्या माणसाने सही हाच शब्द वापरला. आजीला सही येत नव्हती आणि ते त्यालाही ठाऊक होते, पण कागदावर जे काही करायचे असते त्याला आमच्याकडे सहीच म्हणत. आजीचे, म्हणजे माझ्या आईच्या आईचे, माहेर फोंड्याकडचे. तिच्या वडिलांचे मोठे कुळागर, म्हणजे माडापोफळींची बाग, होते. वडील वारले होते, तिघे भाऊ हयात होते आणि बहिणीचा हिस्सा मोकळा करून घेतल्याशिवाय त्यांना वाटणी पुरी करता येत नव्हती.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडे थांबून सांगायला हवे. 1867 सालचा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात 1870 पासून लागू झाला आणि मुक्तीनंतरही त्यातला कौटुंबिक व वारसाहक्काचा भाग चालूच राहिला. या कायद्याने आईवडिलांच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी असा भेद केला नाही. मुलीला हिस्सा नाकारून सगळे मुलांच्या नावे करणे कायद्याने शक्य नव्हते. फार तर ती स्वतः आपला हिस्सा सोडून देऊ शकत होती. म्हणजे हक्क तिचा होता आणि तो सोडण्याचा अधिकारही तिचाच. पुढे बहुतेक घरांत तो कसा सुटत गेला, हे गोव्यातल्या माझ्या वयाच्या कोणत्याही बाईला विचारावे.

आईला त्या दिवशी मुद्दाम बरोबर नेले होते, कारण आमच्या घरात वाचता येणारी बाई तीच होती. तिच्यामागे मीही गेले. कचेरीत लाकडी बाक होता, वर पंखा फिरत होता आणि टेबलावर शाईचा एक चपटा पत्र्याचा डबा उघडा पडला होता. कारकुनाने कागद पुढे केला. आईने तो दोन्ही हातांनी घेतला, पदराने कपाळ पुसले आणि वाचण्यासाठी कागद डोळ्यांजवळ नेला. मग तिने तो उलटला, मागची बाजू पाहिली आणि परत सुलटा केला. मी तिच्या कोपराला टेकून उभी होते, म्हणून ती जे बोलली ते मला ऐकू आले, इतरांना बहुधा नाही. ती म्हणाली, "हें इंग्लिशींत आसा."

कारकुनाने कागद परत घेतला. तो आजीकडे वळून काही वाक्ये भराभर बोलला आणि म्हणाला, "कळ्ळें मगो, माय?" आजीने मान हलवली. मग तिचा डावा अंगठा धरून शाईवर फिरवला गेला आणि कागदावर टेकवला गेला. परतीच्या बसमध्ये ती वाळपईपर्यंत तो अंगठा लुगड्याच्या काठाला पुसत होती. शाई निघत नव्हती.

मुलींच्या शिक्षणातल्या अडथळ्यांविषयी मी जेव्हा जेव्हा बोलते किंवा लिहायला बसते, तेव्हा सुरुवात त्या कागदापासूनच होते. आजी निरक्षर होती, हे त्यातले अर्धेच दुखणे आहे. आई साक्षर होती. ती चौथी शिकलेली होती, पोथ्या वाचायची, गावातल्या बायकांची पत्रे लिहून द्यायची, रेशनकार्डावरची नावे तपासायची. तरीही ज्या एका दिवशी तिच्या वाचण्याची खरी गरज पडली, त्या दिवशी तिचे शिक्षण कागदापर्यंत पोचले नाही. ते चौथीपाशी थांबले होते आणि कागद त्याच्या पुढच्या भाषेत लिहिलेला होता.

आईच्या शाळेची गोष्ट तिच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली आहे की ती शाळा मी पाहिल्यासारखी वाटते. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला आणि 1963च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचे पहिले लोकनियुक्त सरकार आले. त्यानंतरच्या वर्षांत ज्या वेगाने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या, त्याचे मोल नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून जिंकलेल्या तालुक्यांतल्या, माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांत त्याआधी अक्षर शिकायचे तर एखाद्या देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) किंवा जमीनदाराच्या ओसरीवर पंतोजी बसवलेला असेल तिथे शिकायचे, आणि तिथे बसायची मुभा कोणाच्या मुलांना असे हे सांगायला नकोच. आमच्या गावात 1964 साली एका घराच्या पडवीत शाळा सुरू झाली. आई तेव्हा 9 वर्षांची होती आणि ती पहिलीत बसली. तिच्या वर्गात 7 वर्षांची मुले होती तशी 12 वर्षांची मुलेही होती. पाटी घरटी एक असे. भावाने लिहून पुसली की ती बहिणीकडे येई.

त्याआधीच्या काळाचा विचार करताना मला पणजीच्या मुष्टिफंडाची आठवण होते. 1908 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या नावातच तिची कथा आहे: घराघरातून मूठ मूठ तांदूळ गोळा करून मराठी शाळा चालवायची. पोर्तुगीज राजवटीत, प्रजासत्ताक येऊन हिंदूंना समान नागरिकत्व मिळण्याच्याही आधी, लोकांनी आपल्या पोटातला घास काढून शाळा उभी केली, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्या मुठीचा विचार करताना एक गोष्ट मनातून जात नाही. चुलीपुढे बसून भात रांधण्याआधी मडक्यातून मूठभर तांदूळ बाजूला काढणारा हात घरातल्या बाईचाच असणार. तिने आपल्या नवऱ्यालेकरांच्या वाट्यातून, आणि बहुधा आधी स्वतःच्या वाट्यातून, तो घास काढला असेल. मात्र तसल्याच हातांना सत्तरीतल्या आमच्या गावात लेखणी धरायला मिळेपर्यंत अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला.

आई 1968 साली चौथी पास झाली. पाचवीची शाळा वाळपईला होती. अंतर 11 किलोमीटर, मधे म्हादई, तिच्यावर तेव्हा आमच्या बाजूला पूल नव्हता. पावसाळ्यात होडी बंद झाली की गाव चार चार दिवस बेट होऊन राहायचे. मुलगे नातेवाइकांकडे किंवा वाळपईत खोली घेऊन राहिले. 13 वर्षांच्या मुलीला परक्याच्या घरी ठेवण्याचा विचारही कुणी केला नाही, आणि "नको" असे कुणी म्हणालेही नाही. यावर मी मुद्दाम भर देते आहे. आमच्या घरात, शेजारपाजारात, मुलींनी शिकू नये असे उघडपणे म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. शिक्षक घरी येऊन आजोबांना सांगून गेले की मुलगी हुशार आहे, आणि आजोबांनी त्यांना चहा देऊन "होय, होय" म्हटले. मग जून आला, लावणी आली, धाकटे भावंड दीड वर्षाचे होते, आजीला शेतावर जायचे होते आणि आईच्या कडेवर मूल आले. विरोध झाला असता तर तिला निदान भांडता आले असते. जिथे कुणी नाही म्हटलेच नाही, तिथे ती कोणाशी भांडणार होती?

पाच वर्षांनी, 1973 साली, भाऊसाहेबांच्या निधनानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्याच वर्षी आईचे लग्न झाले. ती सांगते की लग्नाआधी काही दिवस गावात रेडिओभोवती बायका जमल्या होत्या आणि एक बाई राज्य चालवणार म्हणून सगळ्यांना विलक्षण आनंद झाला होता. तो आनंद खरा होता आणि मी तो जराही हलका लेखत नाही. ताईंच्या रूपाने आमच्या बायकांनी पहिल्यांदा सहीचा अधिकार बाईच्या हातात पाहिला. त्या रेडिओभोवतीच्या बायकांपैकी बहुतेकजणी मात्र त्यांच्या नावाची पाटी वाचू शकल्या नसत्या.

फोंड्याहून परत आलो त्या रात्री आईने बाबांना सांगितले की ही पाचवीला जाईल. तिने कारण दिले नाही आणि बाबांनी विचारले नाही. मला पुढे पुष्कळ वर्षे वाटत राहिले की हा निर्णय आईचा एकटीचा होता. आता कळते की तो निर्णय अंमलात येण्याजोगा झाला होता तो काही अनोळखी विद्यार्थ्यांमुळे. 1978-79 साली गोव्यातले विद्यार्थी बसभाड्यात 50 टक्के सवलत मागण्यासाठी रस्त्यावर उतरले होते. ते आंदोलन इथल्या विद्यार्थी चळवळीतले सगळ्यात मोठे ठरले, सवलत मिळाली आणि 1980 साली कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले. मी पाचवीत गेले तेव्हा नदीवर पूल झाला होता, पलीकडच्या नाक्यावर सकाळी सव्वासहाला बस येत होती आणि माझे तिकीट अर्धे होते. पुरे तिकीट असते तर बाबांच्या मजुरीत ते महिन्याचे वीस दिवस बसले असते का, याची मला शंकाच आहे. मुलींच्या शिक्षणाच्या इतिहासात आपण शाळा काढणाऱ्यांची नावे घेतो, 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात फुले दांपत्याने उघडलेली शाळा आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु गोव्यातल्या माझ्या पिढीच्या मुलींचा इतिहास लिहायचा तर त्यात बसच्या अर्ध्या तिकिटाला एक आख्खे प्रकरण द्यावे लागेल.

नाक्यापर्यंतची वाट अर्ध्या तासाची होती, दोन्ही बाजूंना काजूची झाडे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पहाटे काळोख आणि पाऊस. आई हातात बॅटरी घेऊन पुढे चालायची, मी मागून. तिने सहा वर्षांत एकदाही मला एकटीला पाठवले नाही, तापात असली तर शेजारच्या काकूला सांगायची. बस आली की ती मला चढवून परत अर्धा तास चालत घरी जायची आणि तिचा दिवस सुरू व्हायचा. मी दहावी झाले याचा हिशेब करताना त्या चालण्याचे तास मी कधी मोजलेले नाहीत, मोजवत नाहीत.

आणि पाचवीत गेल्यावर दुसरी नदी लागली. ती इंग्रजीची. घरात आम्ही कोकणी बोलायचो, चौथीपर्यंतची पुस्तके मराठी होती, आणि पाचवीत एका सोमवारी सकाळी सगळे विषय इंग्रजीतून सुरू झाले. गोव्यातल्या बहुतेक माध्यमिक शाळांची ही रचना आजही तशीच आहे. चौथीत पहिला येणारा मुलगा पाचवीत मुका होतो आणि मुलगीही होते, पण दोघांच्या मुकेपणाचा अर्थ घरी वेगवेगळा लावला जातो. मुलगा मागे पडला तर शिकवणी लावायची असते. मुलगी मागे पडली तर तिचे डोके तेवढेच असते. माझ्या वर्गात पाचवीत आम्ही खेड्यातून आलेल्या 9 मुली होतो. दहावीच्या परीक्षेला त्यातल्या 4 बसलो. ज्या 5 गळल्या त्या सगळ्या बसमुळे गळल्या नाहीत. दोघी शास्त्राच्या तासाला उभ्या राहून राहून गळल्या. त्यातल्या एकीचे मराठी अक्षर इतके सुरेख होते की शिक्षक तिची वही आम्हाला दाखवीत, आणि तीच मुलगी इंग्रजी वाक्य वाचताना घशात काहीतरी अडकल्यासारखी थांबायची. सहावीच्या सहामाहीनंतर ती आली नाही. त्याही घरात कुणी "नको" म्हटले नव्हते.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण हवे, हे मी मराठीची शिक्षिका म्हणून अंतःकरणापासून मानते. 1990च्या सुमारास सरकारने प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांपुरते मर्यादित केले तेव्हा मला ते पटले होते, आणि 2011 साली इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला तेव्हा वाईट वाटले होते. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. चौथी आणि पाचवी यांच्यामधला पूल बांधण्याविषयी मात्र फारच थोडे. आणि एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहत आले आहे. गावातल्या ज्या घराची ऐपत एकाच मुलाची फी भरण्याइतकी असते, त्या घरातला मुलगा सकाळी पिवळ्या गाडीने शहरातल्या इंग्रजी शाळेत जातो आणि त्याची बहीण चालत गावातल्या सरकारी मराठी शाळेत. गावातली शाळा अशी मुलींची, मजुरांच्या मुलांची होत जाते, पट घसरतो, एकाच शिक्षकावर चार वर्ग येतात आणि एक दिवस ती शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत विलीन होते. मग जी वाट आईच्या वेळी चौथीनंतर सुरू होत होती, ती सहा वर्षांच्या मुलीसाठी पहिलीपासूनच सुरू होते. भाषेवर प्रेम करणाऱ्या आपण सर्वांनी ही बाब आपल्या हिशेबात घ्यायला हवी होती.

2011च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता 88.70 टक्के निघाली: पुरुष 92.65, स्त्रिया 84.66. देशाच्या मानाने हे आकडे फार चांगले आहेत. आज महाविद्यालयांच्या वर्गांत मुलींचीच संख्या जास्त दिसते, बक्षीस समारंभात त्याच पुन्हा पुन्हा मंचावर येतात, आणि म्हणून गोव्यात हा प्रश्न सुटला असे सभांतून सांगितले जाते. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे 7 वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू-लिहू शकते ती साक्षर. माझी आई त्या 84.66 टक्क्यांत आहे. 1985 सालच्या कचेरीतही ती साक्षरच होती.

मी 1998 पासून शिकवते आहे. इतक्या वर्षांत वर्गातून गेलेल्या मुलींच्या हजेरीपटावरच्या रिकाम्या चौकटी आता मला लिपीसारख्या वाचता येतात. मार्च ते मे काजूचा हंगाम. परीक्षेच्या तोंडावर ज्या मुली आठ आठ दिवस येत नाहीत, त्यांच्या बोटांवर काजूच्या चिकाचे काळे डाग असतात. बोंडू वेचायचे, बिया सोडवायच्या, बोंडू भाटीकडे पोचवायचे, ही कामे पहाटेची असतात आणि शाळाही पहाटेचीच. आमच्या शाळा आठच्या आत भरून दीडला सुटतात. महिन्यातले ठराविक तीन-चार दिवस गैरहजर राहणारी मुलगी असली तर मी मुख्याध्यापकांकडे तिची नव्हे, पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन जाते. ज्या वर्षी मुलींच्या शौचालयात नळाला पाणी नव्हते आणि दाराची कडी तुटलेली होती, त्या वर्षीचा हजेरीपट मी झेरॉक्स करून ठेवला आहे. कडी बसली, पाणी आले आणि चौकटी भरू लागल्या.

2012च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली-सत्तरीतल्या किती घरांतले ट्रक दारात उभे राहिले. त्या वर्षी मला समजले की घरातले उत्पन्न अचानक आटले की कोणत्या फीला पहिल्यांदा कात्री लागते. एका वडिलांनी, अत्यंत सज्जन गृहस्थाने, बारावीला असलेल्या मुलीचे नाव काढून घेतले, कारण धाकट्या मुलाची आयटीआयची फी भरायची होती. ते माझ्यासमोर रडले. त्यांच्यावर रागावणे मला शक्य झाले नाही, आणि मुलीच्या डोळ्याला डोळा देणेही.

डोंगरावरच्या धनगर वाड्यावरची एक मुलगी माझ्या वर्गात होती. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना 2003 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. गोव्यातल्या धनगर समाजाची तीच मागणी अजून लोंबकळत आहे, त्यामुळे शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला मिळणाऱ्या सवलती तिला नव्हत्या. ती खाली उतरून येताना पायताण हातात घेई आणि शाळेच्या फाटकापाशी घाली, ते झिजू नये म्हणून. 2020 साली टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेल्या तेव्हा तिच्या वाड्यावर नेटवर्क नव्हते. सांगे-सत्तरीतली मुले नेटवर्कसाठी टेकड्यांवर चढून अभ्यास करीत होती, हे तेव्हा वर्तमानपत्रांत छायाचित्रांसह आले. त्या छायाचित्रांकडे पाहताना मी मुली शोधत असे. घरात फोन एकच, तो नववीतल्या भावाकडे, आणि निर्जन टेकडीवर मुलीने एकटीने जाऊन बसायचे नाही. ती सहा महिन्यांत दोनदा माझ्या वर्गात "हजर" झाली, दोन्ही वेळा भावाच्या नावाने.

बांधकामावरच्या मजुरांच्या मुलींविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. उत्तर कर्नाटकातून आलेल्या या मुली घरी कन्नड, रस्त्यावर हिंदी, अंगणात कोकणी आणि वर्गात मराठी बोलतात. इतक्या भाषा इतक्या सहज उचलणाऱ्या मुली मी दुसऱ्या पाहिल्या नाहीत. पण ठेकेदाराने इमारत पुरी केली की कुटुंब रातोरात वास्कोला किंवा म्हापशाला जाते, दाखला मागे राहतो, नव्या शाळेत दाखल्यावाचून अडचण होते, आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणीतरी हवेच असते. 1968 सालची माझी आई मला त्यांच्या कडेवरच्या मुलासकट दिसते.

लाडली लक्ष्मी योजना 2012 साली आली तेव्हा मी तिचे स्वागत केले होते. सज्ञान झालेल्या मुलीच्या नावे 1 लाख रुपये ही लहान गोष्ट नव्हे. मात्र मुलीच्या लग्नखर्चाचे ओझे आईबापांना वाटू नये, हा विचार तिच्या मुळाशी होता, आणि योजनेमागचा विचार लोक बरोबर ओळखतात. गेल्या वर्षी एका मुलीच्या आईला मी विचारले की त्या पैशांतून हिला ताळगावच्या पठारावर विद्यापीठात एमएस्सीला का घालत नाही. ती अगदी साधेपणाने म्हणाली, "ते लग्नाला ठेवलेत, टीचर. ते तिचेच आहेत ना." मुलगी शेजारीच उभी होती. तिला 81 टक्के होते.

एका गोष्टीचे श्रेय मोकळ्या मनाने द्यायला हवे. बालरथ, म्हणजे मुलांना शाळेत नेणाऱ्या-आणणाऱ्या बस, सुरू झाले आणि खेड्यातल्या मुलींची हजेरी सुधारली, हे मी स्वतः पाहिले. पण बालरथ दीडला सुटतो. जिला प्रयोगशाळेत थांबायचे आहे, खो-खोच्या संघात खेळायचे आहे, दुपारची इंग्रजीची जादा शिकवणी हवी आहे, तिला तो मिळत नाही. आणि अकरावीला शास्त्र शाखा गावाजवळ नसते, म्हणून शास्त्राची आवड असलेली मुलगी कला शाखा घेते आणि पालक सांगतात की तिलाच कलेची आवड आहे. किती मुलींच्या "आवडी" बसच्या वेळापत्रकाने ठरवल्या, याचा शोध कुणीतरी घ्यावा.

दोन वर्षांपूर्वी मी फोंड्याकडच्या त्या दस्ताची नक्कल काढून आणली. बाबा गेल्यापासून आई आता माझ्याकडे राहते. एका दुपारी तिला समोर बसवून मी तो कागद वाक्यावाक्याने कोकणीत सांगत वाचला. कुळागराच्या चतुःसीमा आल्या, तेव्हा तिने उत्तरेच्या बाजूच्या ओहोळाचे नाव माझ्या आधीच सांगितले. आजीचा हिस्सा चौथा होता. शेवटच्या पानावर, अंगठ्याच्या वर, लिहिले होते की प्रस्तुत दस्तातील मजकूर सदर स्त्रीला कोकणी भाषेत समजावून सांगण्यात आला. हे वाक्य आईने मला दोनदा वाचायला लावले. मग ती म्हणाली, "समजावलं नव्हतं. कळलं ना, एवढंच विचारलं होतं."

यंदा अकरावीत शास्त्र शाखा घेतलेली, आमच्या जुन्या गावाच्या पलीकडच्या वाड्यावरची एक मुलगी आहे. तिचे वडील माझ्याकडे आले तेव्हा आम्ही जुन्या उत्तरपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर बसच्या वेळा लिहून काढल्या. सकाळचे जमत होते. दुपारी प्रात्यक्षिक संपते तीनला आणि तिच्या नाक्यापर्यंत जाणारी बस साडेपाचला. मधल्या अडीच तासांसाठी ते तिला कला शाखेत घालायला तयार झाले होते. आता ती त्या वेळात आमच्या घरी येते. आई तिला चहा आणि रोट देते, ती ओसरीवर रसायनशास्त्र वाचते, आणि आई तांदूळ निवडत जवळ बसून राहते. पाच वाजून दहा मिनिटे झाली की आई तिला पुस्तके आवरायला सांगते, दारामागची छत्री काढून देते आणि बस वळणावर दिसेपर्यंत तिच्याबरोबर नाक्यावर जाऊन उभी राहते.